आई, जरा हसा

अब्बा गेल्यानंतर अम्मी त्यांचा चष्मा लावून वाचते आहे, हे आमच्या लक्षात यायला दोन महिने लागले. इद्दतचे दिवस होते. ती आतल्या खोलीत कुरआन वाचत बसायची आणि असरच्या सुमारास डोकं धरून आडवी व्हायची. आम्ही म्हणायचो, दुःख आहे, होणारच.

खरं तर तिला स्वतःचा चष्मा कधी केलाच नव्हता. घरात चष्मा एकच. पेपर आधी अब्बा वाचणार, मग ती. तिने तांदूळ निवडायला घेतले की अब्बा तेवढा वेळ नुसते बसून राहणार. चाळिशी घरात एकाच माणसाला लागते, असा बहुधा आमचा समज असावा. मी शिकलेला मुलगा, माझे चार चष्मे झाले, पण हा प्रश्न मलाही पडला नाही.

चार महिने दहा दिवस पूर्ण झाल्यावर तिला मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. खालाही सोबत होती. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे निघाले. तिथून चष्म्याच्या दुकानात गेलो, तर अम्मी म्हणाली, "याच फ्रेममध्ये काचा बदला. नवी कशाला? अब किसकू दिखाना है?"

दुकानातल्या पोराने अब्बांचा चष्मा हातात घेऊन काडीच्या आतली बाजू मला दाखवली. तिथे बारीक अक्षरात 54, 18 आणि 140 असे आकडे होते. आयुष्यभर चष्मा लावूनही मी ते कधी वाचले नव्हते. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, तिसरा काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. मग त्याने अम्मीच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर पट्टीने मोजलं. 58 भरलं. अब्बांचा चेहरा चांगला रुंद होता. बाहुली एकीकडे आणि काचेचा मध्य दुसरीकडे असला की डोळ्यांना सतत ओढ बसते, मग डोकं दुखतं, असं तो म्हणाला. खाला माझ्याकडे बघायला लागली. मी भिंतीकडे.

भिंतीवर तक्ता होता. गोल चेहऱ्याला चौकोनी फ्रेम, चौकोनी चेहऱ्याला गोल. हा तक्ता तुम्हीही पाहिला असेल. कॉलेजात असताना तो धुडकावून मी माझ्या गोल चेहऱ्यावर मोठी गोल तारेची फ्रेम घेतली होती. नंबर उणे पाच. उण्या नंबरची काच कडेला जाड होते आणि फ्रेम मोठी तितकी कड जास्त जाड, हे मला कोण सांगणार? वर नाकावर पकड नाही. सजद्यात गेलो की चष्मा माझ्याआधी जमिनीला टेकायचा. तक्त्यात नाकाचा उल्लेख नसतो, कानाचाही नसतो. चष्मा मात्र त्यांच्याच आधारावर उभा असतो.

अम्मीच्या बाबतीत ओढणीचाही प्रश्न होता. जाड काडी ओढणीखाली घालताना ओढणीच सरकत होती. पोराने चार फ्रेम बाजूला सारून बारीक, हलक्या काडीच्या काढल्या. त्यातली एक लावून म्हणाला, "आई, जरा हसा."

आम्ही तिघंही गप्प झालो. त्या बिचाऱ्याला काय माहीत. हसताना गाल वर येतात, फ्रेमची खालची कड गालाला लागून चष्मा उचलला जातो का, एवढंच त्याला बघायचं होतं. त्याने समजावून सांगितलं. अम्मीने आरशात पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "ये तो हूबहू तेरे मामू दिखरे." आणि हसली. चष्मा उचलला गेला. ती फ्रेम बाद.

पुढची 48 ची होती, रंग मरून. हसूनही जागेवर राहिली. खालाने हळूच काळी पुढे केली. "ही घे. लोक काय म्हणतील, बेवा बाई आणि लाल चष्मा." मला सांगायचं होतं की सजण्याची मनाई इद्दतपुरती असते, ती संपली, पुढचं सगळं आपल्या मोहल्ल्याने लावलेलं. पण दुकानात खालाशी वाद कोण घालणार! अम्मीने काळी फ्रेम हातात घेतली, उलटसुलट करून परत ठेवली आणि मरून फ्रेम पोरापुढे धरून विचारलं, "धुतली तर रंग जात नाही ना?"

चार दिवसांनी चष्मा आला. दुपारी तिने पेपर घेतला, तो निविदा सूचनांसकट संपवला. असर झाली, डोकं धरलं नाही. अब्बांचा चष्मा तिने जुझदानाच्या शेजारी, कोनाड्यात ठेवला होता. त्याच्याकडे बघून मला म्हणाली, "एवढं सगळं छापून येतं पेपरात? तुझे अब्बा तर अर्धंच सांगायचे."