पातळ पत्र्याचं नोझल

प्लाझ्मा मशीन घ्यायला आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती जाडीचं कापतं?’ वीस मिलिमीटर कापतं असं ऐकलं की गडी खूश. मग ते मशीन शेडमध्ये येतं आणि पुढची कित्येक वर्षं सव्वा-दीड मिलिमीटरचा पत्रा कापत बसतं. हॉटेलच्या भटारखान्याची चिमणी, पिठाच्या गिरणीचं हॉपर, डक्टिंग, पॅनेल बॉक्स. शिरोली काय नि गोकुळ शिरगाव काय, आमच्यासारख्या छोट्या फॅब्रिकेशनवाल्यांची चूल सोळा आणि अठरा गेजवरच पेटते. आणि या गेजला मशीनची ताकद फारशी कामाची नाही. तिथं सगळा खेळ टॉर्चच्या तोंडाशी बसलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या तांब्याच्या नोझलचा.

आमच्या धंद्यातले बहुतेक जुने कारागीर गॅस कटिंगवर घडले. त्यांचा हात सोन्याचा, पण गॅसच्या सवयी प्लाझ्माला मानवत नाहीत. गॅसचं नोझल तुंबलं की तारेच्या क्लीनरनं भोक साफ करायचं, ही त्यातली पहिली सवय. प्लाझ्माच्या नोझलमध्ये तार घातली की भोकाची धार गेली, आणि धार गेली की आर्क सरळ उतरत नाही. दुसरी सवय सावकाश, दमानं कापायची. पातळ पत्र्यावर दमानं गेलात तर खालून जाड, फसफसलेला मळ लोंबतो आणि पत्रा तापून पापडासारखा वाकतो.

हिशेब करून बघा. ४० अँपिअरवर दीड मिलिमीटरचा लोखंडी पत्रा नीट कापायचा तर टॉर्च मिनिटाला साधारण ६ मीटर, म्हणजे सेकंदाला १० सेंटीमीटर सरकली पाहिजे. सीएनसी टेबलाला ते सहज जमतं. माणसाच्या हाताला, तेही पट्टी धरून, जमत नाही. म्हणून हातानं कापणाऱ्यानं वेग वाढवायच्या मागं न लागता करंट खाली आणावा, २० ते ३० अँपिअरवर. इथंच नोझलचा प्रश्न येतो आणि इथंच बहुतेक जण अडतात, कारण मशीनचं बटण फिरवायला पैसे लागत नाहीत, नोझलला लागतात.

नोझलचं भोक आणि करंट यांची जोडी ठरलेली असते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या मोठ्या पी-८० टॉर्चची नोझलं १.३, १.५, १.७ मिलिमीटरची. ती जाड प्लेटसाठी ठीक. लहान टॉर्चला एक मिलिमीटरचं आणि त्याहून बारीक भोकाचं नोझल मिळतं. १.३ च्या भोकात २५ अँपिअर सोडले तर आर्क आवळला जात नाही, पसरतो. कापाची फट रुंद होते, वरची कड गोल होते, बाजू तिरकी उतरते. उलट बारीक नोझलवर कुणी ६० अँपिअर चढवले तर आर्क इलेक्ट्रोडवरून नोझलच्या तांब्यात आणि तिथून पत्र्यावर उडी घेतो, नि नोझल बघता बघता खाल्लं जातं. काही कंपन्या पातळ पत्र्यासाठी बारीक कापाचा वेगळा संच देतात. तुमच्या टॉर्चला तो मिळत असेल तर दुसरा विचारच करू नका.

नोझल बदलायचं कधी, हे मिनिटं मोजून कळत नाही. ते काढायचं, उजेडाकडं धरायचं आणि भोकातून बघायचं. भोक गोल आणि कड तीक्ष्ण असेल तर परत लावा. अंडाकृती झालं असेल, एका बाजूला ओघळ आला असेल, तर ते नोझल भंगारात. त्याच वेळी इलेक्ट्रोडही बघायचा. त्याच्या टोकाला मधोमध चंदेरी ठिपका असतो, तो हाफ्नियमचा. अणुभट्टीसाठी झिर्कोनियम शुद्ध करताना जो धातू वेगळा काढावा लागतो, तोच हा. हवेच्या प्लाझ्मात टंगस्टन जळून जातो, हाफ्नियम तग धरतो. पण दर वेळी आर्क पेटताना आणि तुटताना त्याचा कण उडतो आणि ठिपक्याच्या जागी खड्डा पडत जातो. खड्डा दीड मिलिमीटरच्या आसपास गेला की इलेक्ट्रोड संपला. त्यापुढं रेटलंत तर आर्कमध्ये हिरवी झाक दिसते. ते तांबं जळतंय. अशा इलेक्ट्रोडवर नवं नोझल चढवणं म्हणजे तेही घालवणं. म्हणून मी दोन्ही जोडीनं बदलतो.

एक लांब काप मारण्यापेक्षा पन्नास छोटी भोकं पाडण्यात इलेक्ट्रोड जास्त झिजतो, तो याच कारणानं. गिऱ्हाइकाला दाखवायला हवेत आर्क पेटवणारी पोरं मला म्हणूनच आवडत नाहीत.

स्वर्ल रिंगकडं कुणी बघत नाही. ती हवेला पीळ देते. तिची बारीक भोकं तुंबली किंवा ती तडकली तर नवं नोझलही तिरकं कापतं. बहुतेक टॉर्चमध्ये हा पीळ असा असतो की पुढं जाताना उजव्या हाताची कड सरळ येते आणि डावीकडची तिरकी. म्हणजे कामाचा तुकडा उजवीकडं ठेवायचा, भंगार डावीकडं.

पावसाळ्यात आमच्याकडं एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘काका, नोझलं लई लवकर जायला लागल्यात.’ नोझलं चांगलीच असतात, कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साचलेलं असतं. टॉर्चमधून नुसती हवा सोडून तिच्यापुढं आरशाचा तुकडा धरा. त्यावर दमट पुसट थर आला किंवा तेलाचा ठिपका पडला, तर आधी फिल्टर आणि ड्रायर बघा, मग नोझलवाल्याला शिव्या द्या. आणि पावसाळ्यात टाकीचा कॉक रोज सकाळी उघडा.

स्वस्त माल वाईटच असतो असं मी म्हणणार नाही. पण त्यात भोक मधोमध नसलेलं नोझल निघतं, आणि पातळ पत्र्याला ते लपत नाही. पाकिटातून काढून आधी डोळ्यानं तपासावं. दोन नोझलांच्या किमतीतला फरक ग्राइंडरवर बसलेल्या पोराच्या अर्ध्या तासात वसूल होतो, फ्लॅप डिस्कचा खर्च वेगळाच.

आता फायबर लेझरवाले दीड मिलिमीटरचा पत्रा असा कापून देतात की कडेला हात लावायला नको. शंभर सारखे तुकडे हवे असतील तर मीही तिकडंच पाठवतो. पण जागेवर जाऊन बसवलेल्या डक्टमध्ये खिडकी पाडायची असते तेव्हा लेझर येत नाही, टॉर्चच न्यावी लागते. तर पुढच्या वेळी दुकानात गेलात की ‘एक नोझल द्या’ एवढंच सांगून थांबू नका. टॉर्चचं मॉडेल सांगा, किती अँपिअरवर चालवता ते सांगा, पत्र्याचा गेज सांगा, आणि काउंटरवरच भोक उजेडाला धरून बघा.