जीभ कुठंय?

मी कॉन्व्हेंटवाला. बोईसरला वाढलो, पण तारपा पाहिला तो टी-शर्टवरच्या वारली चित्रात! गॅदरिंगसाठी तो बनवायचं ठरलं, तेव्हा लॅब पार्टनर हळूच म्हणाला, "आमच्या आजोबांकडे आहे." तीन वर्षांत हे कधी बोलला नव्हता.

विक्रमगडजवळच्या पाड्यावर जाऊन आम्ही तारपा व्हर्नियरने मोजला. पीव्हीसीची नक्कल केली. फुंकली... फुस्स!

मी वाचलं होतं, अमेरिकेत १९३०च्या दशकात यॉर्क कंपनीने बनवलेला ट्युबा, म्हणजे तो अजस्र पितळी भोंगा, शिकागो सिंफनीत अर्नोल्ड जेकब्ज वाजवायचे. पुढे हिर्सब्रुनर, यामाहाने त्याच्या नकला काढल्या आणि त्या चक्क वाजतात! मग आमचीच का मुकी?

आजोबांनी नळी उलटी करून पाहिली. "जीभ कुठंय, पोरा?"

भोपळ्याच्या आत, दोन्ही नळ्यांच्या तोंडाशी बांबूच्या पातळ जिभा असतात. बाहेरून दिसत नाहीत, म्हणून आम्ही मोजल्याच नव्हत्या. (व्हायव्हात हे सांगू नका!)

आजोबांनी जिभा तासून बसवल्या. आवाज निघाला, पण माझा दम लगेच संपला. मग त्यांनी आपला तारपा घेतला आणि श्वास न तोडता वाजवत राहिले. पार्टनर सरकून त्यांच्या शेजारी बसला. व्हर्नियर माझ्याच हातात होता.