धाराशिव ते पेडर रोड, पुन्हा एकदा

लातूर-मुंबई एक्स्प्रेस रात्री धाराशिवला (२०२३ आधीचं उस्मानाबाद) मोजकीच मिनिटं थांबते. तुम्ही-आम्ही धावत चढतो. पार्किन्सन्स असलेल्या मामांचे पाय मात्र कधीकधी फलाटालाच चिकटतात. म्हणून गोळीचा असर आहे तोवर डब्यात शिरायचं, हेच आमचं खरं टाइमटेबल.

सकाळी सीएसएमटी, मग टॅक्सीनं पेडर रोडचं जसलोक. 'डीप ब्रेन स्टिम्युलेशन' तिथं १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून होतंय. मेंदूत बारीक तारा, कॉलरबोनखाली पेसमेकरसारखी बॅटरी. तारा बसवताना बहुतेकदा पेशंट जागाच असतो. ‘डोक्याला भोक पाडून गप्पा मारायच्या व्हय?’ मामांनी तेव्हा विचारलं होतं. मारल्याही!

ऑपरेशन झालं की सुटलो, असं गावात सगळ्यांना वाटलं. पण आजार जात नाही. कंप आणि ताठरपणा आटोक्यात येतो, गोळ्याही चालूच राहतात. शिवाय करंट किती द्यायचा, हे पेशंटला समोर बसवून, थोडंथोडं बदलत ठरवतात. म्हणजे पुन्हा फेऱ्या. घरच्यांनी पैसे जमवले ऑपरेशनचे. तिकिटं, लॉज, बुडालेली रोजंदारी कुणीच धरली नव्हती.

या वेळी सेटिंग झाल्यावर मामांनी चहाचा ग्लास एका हातानं उचलला. रिटर्न तिकीट अजून वेटिंगवर होतं.