साच्यातली विभक्ती

मराठी विकिपीडियावर टेम्प्लेटला 'साचा' म्हणतात. शब्द चांगला आहे. साचा गणपतीच्या मूर्तीचा असतो, मोदकाचा असतो. आत काय भरायचं ते मागाहून ठरतं. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत मी वर्षभर असल्याच साच्यांचं काम केलं. कंपनीचं अंतर्गत विकी मराठीत आणायचं होतं. ते मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडियाच्याच इंजिनावर चालायचं, पण त्यावर कंपनीनं स्वतःचे बरेच संदेश चढवले होते. सगळे इंग्रजी वाक्यांच्या तुकड्यांतून जोडलेले. इंग्रजीत आधी 'इन' येतं, मग नाव. मराठीत नाव आधी येतं, आणि नुसतं येत नाही, वाकतं.

पहिल्या खेपेला मी रिकाम्या जागेपुढे 'मध्ये' लावून मोकळी झाले. चाचणीच्या दिवशी पडद्यावर उमटलं : 'पुणे मध्ये 4 पाने बदलली.' तुलनात्मक साहित्यात एम.ए. केलेल्या बाईचं वाक्य!

मीडियाविकीला हा प्रश्न नवा नाही. त्याच्या संदेशांची भाषांतरं ट्रान्सलेटविकी या संकेतस्थळावर स्वयंसेवक करतात. ते सुरू करणारे निक्लास लॅक्सस्ट्रॉम फिनलंडचे, आणि फिनिश भाषेतही नामाला प्रत्यय लागतात. इंजिनात अनेकवचनाची, लिंगाची आणि विभक्तीचीही सोय आहे. शिवाय प्रत्येक संदेशासोबत भाषांतरकारासाठी टीप लिहायला जागा असते. तिला एखाद्या भाषेसारखा स्वतंत्र कोडही आहे : क्यूक्यूक्यू.

माझ्यासोबतचा प्रोग्रामर हुबळीचा, घरी कन्नड. त्याला अडचण समजावून सांगावी लागली नाही. कन्नडातही बेंगळुरूचं 'बेंगळूरिनल्लि' होतं. "नियम सांगा, मी फंक्शन लिहितो," तो म्हणाला. मी सांगत गेले. पुणे–पुण्यात, ठाणे–ठाण्यात, गोवा–गोव्यात. नागपूर–नागपुरात, म्हणजे दीर्घ ऊकार ऱ्हस्व करायचा. तो खुशीत होता. मग ग्रंथालयाची पानं आली आणि त्यात 'कोसला' आली. नियमाप्रमाणे 'कोसल्यात' व्हायला हवं, पण नेमाड्यांच्या कादंबरीबद्दल तसं कुणी म्हणत नाही. आपण 'कोसला'त म्हणतो. मग आडनावं. माझी आजी गोखल्यांकडे जायची, मी गोखलेंकडे जाते.

"यातलं बरोबर कुठलं?"

"वयावर आहे," मी म्हटलं. फंक्शन तिथंच थांबलं.

शेवटी तोड निघाली ती लग्नपत्रिकेतली. या, यांनी, यांचे. 'गोखले यांनी 'पुणे' या पानात बदल केला.' नाव जसंच्या तसं राहतं, प्रत्ययाचं ओझं बिचारं सर्वनाम वाहतं. 'यांनी' बाईलाही चालतं आणि पुरुषालाही. 'केला' हे बदलाप्रमाणे चालतं, करणाऱ्याप्रमाणे नाही, त्यामुळे लिंगाचा प्रश्नही परस्पर मिटला. जुने तुकडे मोडून मी पूर्ण वाक्यांचे साचे केले. चूक एकही राहिली नाही. वाचताना मात्र तहसील कचेरीची नोटीस आल्यासारखं वाटायचं.

त्याच आठवड्यात मुलीनं विचारलं, "आई, आपण पुणेला कधी जायचं?" ती इथंच वाढलेली, तिचं मराठी घरात आणि आजीच्या फोनवर.

"पुण्याला," मी म्हटलं.

"तेच ते."

हे तिला माझ्या साच्यांनी शिकवलेलं नव्हतं. ते अजून कंपनीबाहेर कुणी पाहिलेही नव्हते. तरी त्या रात्री मी फाइल पुन्हा उघडली. पडद्यावर दिवसभर न वाकणारीच नावं दिसत राहिली तर तिचा कान कशावर तयार होणार? आणि ती नावं ताठ उभी करण्याचे पैसे तर मी घेत होते.

एका ठिकाणी मी हट्ट केला. स्वागताच्या पानावर कंपनीच्या कचेऱ्यांची गावं येतात, आणि ती मोजकी आहेत. तिथला साचा काढून टाकला आणि एकेक वाक्य हातानं लिहिलं : पुण्यात, मुंबईत, नागपुरात, बेंगळुरूत. प्रोग्रामर कुरकुरला. उद्या नवं गाव आलं तर पुन्हा तुम्हालाच विचारावं लागणार, म्हणाला. क्यूक्यूक्यूच्या जागेत मी तेच लिहून ठेवलं आहे : नवं गाव आलं तर विचारा.