घोड्याची शाई, उंटाची शाई

आमच्या वाईच्या घरात कोण लहान, कोण मोठं हे बोटांवरून कळायचं. बोटं पांढरट असली तर तो पाटी-पेन्सिलवाला, जांभळी झाली की टाकवाला. चुलत, आत्ये मिळून आम्ही नऊ जण आणि कोनाड्यात दौत एक. त्यामुळे रोज संध्याकाळी तिथे धक्काबुक्की ठरलेली.

शाई घरीच व्हायची. हॉर्स ब्रँडची पुडी नाहीतर वडी आणायची, पाण्यात घोळायची आणि फडक्यातून गाळायची. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये सुरू केलेला तो उद्योग पुढे कॅम्लिन झाला, हे फार उशिरा कळलं. तेव्हा आमच्या लेखी जगात शाया दोनच, घोड्याची आणि उंटाची. पुडीला पाणी किती यावर माई आणि दादाचं कधी एकमत झालं नाही. माई काटकसरी. तिच्या शाईतला निबंध मास्तर खिडकीपाशी नेऊन वाचायचे.

नव्या निबेला तेलकटपणा असे, शाई तिच्यावर ठरतच नसे. दादा ती चिमणीच्या ज्योतीत क्षणभर धरी. बाकीचे आम्ही सरळ जिभेवरून फिरवायचो. चव अजून आठवते. टीपकागद वेळेवर कधी सापडला नाही. डाग पडला की त्यावर खडू लोळवायचा.

नानांची शाई मात्र निराळी. हिरडे कुटून लोखंडी कढईत उकळायचे, त्यात हिराकस आणि बाभळीचा डिंक. लिहिताना ती फिकी दिसे, मग हवा लागली की हळूहळू काळी होई. अशी शाई पोलादी निब खाते, म्हणून नाना तिच्यात बोरूच बुडवत. टोक तिरकं छाटलेलं, मधोमध बारीक चीर. तो चाकू आमच्या हाती कधी लागला नाही. मोडी लिहायला बसले की आधी पानभर रेघा ओढून घेत, मग त्यांना अक्षरं लटकवत जात. पान भरलं की वाळूदाणीतली बारीक वाळू भुरभुरवत आणि कागद वाकवून ती पुन्हा दाणीत ओतत. वाळूसुद्धा वाया जाता कामा नये!

फळीवर त्यांच्या दौती ओळीने मांडलेल्या: चिनी मातीची बसकी, पितळी कलमदानाला जोडलेली, आणि जाड काचेची, आत वळलेल्या तोंडाची. ही शेवटची आडवी झाली तरी सांडत नसे. नाही कसली, आम्ही सांडून दाखवली. लक्ष्मीपूजनाला वह्यांशेजारी दौत बसे, तिच्या ठिकाणी महाकालीचं आवाहन होई. तेवढा एक दिवस कोनाड्यात शांतता.

घर विकलं तेव्हा दौती कोणी नेल्या, हे कोणी विचारलं नाही. गेल्या दिवाळीत सगळे जमलो, तर बेबीताईच्या पर्समधून काचेची दौत निघाली. तळाशी जांभळा थर वाळून बसलेला. दादाने चमचाभर कोमट पाणी घातलं आणि काडीने ढवळलं. दोन मिनिटांत शाई! टाक माझ्याकडे होताच. नाव लिहायला घेतलं, निब पहिल्याच वेलांटीला अडकली आणि कागदावर हा एवढा थेंब.

“खडू आणा, खडू!” तिघं एकदम ओरडले. घरात खडू कुठला? वहिनी देव्हाऱ्याकडे धावली आणि मूठभर रांगोळी आणून डागावर भुरभुरवली. बेबीताईने खालचा कागद वाकवला आणि शोधक नजरेने विचारलं, “आता ही परत कशात ओतायची?”