पुतळ्यांची माळ

मानोऱ्याची गाडी सुटण्यास अद्याप अवकाश होता, म्हणून धावंडा नदीकाठच्या दिग्रस गावातील सराफाच्या एका पेढीवर मी सहज बसलो असता, लुगड्याच्या पदरातून पुतळ्यांची माळ काढून एका वृद्ध बाईंनी ती गादीवर ठेवली आणि म्हटले, "कडी तेवढी लावून द्या भाऊ, हे मोडाची नाही." निखळलेली ती पुतळी सराफांनी माझ्या तळहातावर ठेवली. पातळ, कडेने झिजलेली, आणि मधोमध दोन आकृत्यांची केवळ छाया उरलेली. व्हेनिसच्या डुकाट नाण्यावरील ज्या आकृत्यांवरून या दागिन्यास पुतळी हे नाव पडले, त्यांचीच ती छाया होती.

मी निघालो होतो मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळ्यास, जेथे १९३९ साली सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा साठा भूमीतून निघाला आणि नागपूरच्या वा. वि. मिराशींनी त्याचे वाचन करून गौतमीपुत्र सातकर्णीच्या वंशजांची मालिका पुष्कळ अंशी जुळवून दिली. एका बाजूस हत्ती, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी-चिन्ह. धातू मात्र मिश्र, सोने नव्हेच. शिवारात आज कपाशीच्या ओळींखेरीज पाहण्यासारखे काही नाही. तरी बांधावर उभे राहून मी बराच वेळ विचार करीत होतो की, त्या राजांच्या मुलखात रोमचे सोने येत होते, ते गेले कोठे?

ते येत होते यात संशय नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासमार्गदर्शिकेत भडोचहून दक्षिणेस वीस दिवसांवर पैठण आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, सांगितले असून, तेरहून विपुल कापड बंदराकडे जाई असा दाखला आहे. हिंदुस्थान दरसाल पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही रोमन लेखक प्लिनीची तक्रार प्रसिद्धच आहे. 'दीनार' हा शब्द संस्कृतात रुळला तो याच व्यवहारातून. तेरला टायबेरियसच्या नाण्याचा ठसा उमटविलेली, ओवण्यासाठी कान ठेवलेली मातीची पदके सापडली आहेत. ज्यांना सोने परवडत नव्हते त्यांनीही त्या सम्राटाचा मुखवटा गळ्यात वागविला, हे मला कोणत्याही सुवर्णनिधीहून अधिक हृद्य वाटते.

इंग्लंडातील हॉक्स्न येथे १९९२ साली जो रोमन निधी निघाला, त्यात १४,८६५ नाण्यांबरोबर अंगावर आडवी घालण्याची एक सोन्याची साखळी होती: तिच्या एका जोडावर जांभळा स्फटिक, तर दुसऱ्या जोडावर ग्रेशियन बादशहाचे सोन्याचे नाणेच कोंदणात बसविलेले. म्हणजे नाण्याचा अलंकार करण्याची हौस रोमच्या स्त्रियांनाही होती. तेथे तो अलंकार पेटीत घालून पुरला गेला आणि जसाच्या तसा निघाला; आमच्याकडचे पुष्कळसे सोने पुरले न जाता सोनाराच्या मुशीत पुन्हा पुन्हा वितळले असावे, असे मला वाटते. १८७८ च्या कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास कलेक्टरास वर्दी द्यावी लागते. गळ्यातल्या सोन्याची नोंद कोणत्या दप्तरात व्हावी?

दिवेलागणीस दिग्रसला परतलो तेव्हा त्या बाई पेढीवर आल्या होत्या. नव्या डाखाचा ठिपका जुन्या सोन्यावर किंचित पिवळा दिसत होता. त्यांनी पुतळ्या बोटाने एकेक करून मोजल्या, पुन्हा एकदा मोजल्या, आणि माळ पदरात बांधून त्या उठल्या.