तांबडीची पिसं

आईची तांबडी ज्येष्ठात गेली. म्हातारी झाली होती, खुराड्यात निजली ती उठलीच नाही. फोनवर आईचं रडं ऐकून माझ्या लेकीनं मला विचारलं, "आजीची तांबडी त्या दिवाळीत टकली का झाली होती गं?" ती तेव्हा लहान होती. तिच्या लक्षात राहिली ती मानेवर नुसत्या काड्या उभ्या असलेली, हात लावू न देणारी कोंबडी. मी तिला तेव्हाचं सगळं सांगायला बसले, तर कोंबडीइतकीच घरातली माणसंही सांगावी लागली.

कुडाळजवळ आमचं घर. आजोबा गेल्यावर वाटणी झाली आणि मधल्या खोलीत भिंत उभी राहिली. चुली दोन, विहीर एक, गणपती एक. मागीलदारी आजोबांनी स्वतः बांधलेलं खुराडं आईच्या वाट्याला आलं आणि त्यांचा तांब्याचा हंडा काकूच्या. त्या हंड्यावरूनच दोघी जावांचं बोलणं बंद झालं. निरोप आम्हा मुलांकरवी जायचे, नाहीतर भिंतीला ऐकवून.

तांबडीची पाठ उघडी पडायला लागली ती श्रावणात. पंखांच्या मधोमध पिसं विरळ झाली, मग तिथली कातडीच दिसू लागली. काकूकडे एक दांडगा कोंबडा होता. आईनं भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं म्हटलं, "कोणाच्या तरी कोंब्यान माझ्या तांबडेची पाठ सोलून काढल्यान!" यात तथ्य होतं. कोंबडा पाठीवर चढतो, नखांनी आधार घेतो, चोचीत मानेची पिसं धरतो. आणि एखादी कोंबडी त्याला जास्त आवडली की तिची पाठ पहिली जाते. दुसऱ्या दिवशी कोंबडा पायाला दोरी बांधून काकूच्या पेरूखाली होता. काकू एक शब्द बोलली नाही. आईला वाटलं होतं भांडण होईल. बांधलेला कोंबडा पाहून ती दिवसभर गप्प होती.

पिसं मात्र जातच राहिली. आता शेपटीखालून, पोटावरून. मी गणपतीला गेले तेव्हा तांबडीला उलटी धरून आई पिसं फुंकून फुंकून बघत होती. छातीची पिसं गेली असती तर खुडूक झाली असं म्हणता आलं असतं. खुडूक कोंबडी स्वतःच छातीची पिसं उपटते, म्हणजे एकवीस दिवस अंड्यांना कातडीची ऊब थेट लागते. पण तांबडी डालग्यात बसतही नव्हती आणि कुरकुरतही नव्हती. तिच्या नाकात पीस ओवण्याचा सल्ला शेजारून आला. खुडूकपण मोडायला काहीजण तसं करतात. आईनं तो सल्ला देणाऱ्या बाईला चहासुद्धा विचारला नाही. आमच्याकडे हे फार मोठं झालं.

मला खटकलं ते दुसरंच. दिवेलागणीला सगळ्या कोंबड्या आपापल्या खुराड्यात शिरायच्या आणि तांबडी दाराशी येऊन थबकायची. मान आत घालायची, मागे घ्यायची, आणि चालत जाऊन काकूच्या पडवीच्या कठड्यावर बसायची. आई रोज तिला तिथून उचलून आणायची. आईला तो काकूचा डाव वाटे, दाणे टाकून फितवण्याचा. मला ते पटेना. जे जनावर अंधारात दोन हातांवरचं पाहू शकत नाही, ते आपलं निजायचं ठिकाण उगाच सोडत नाही.

त्या रात्री भजनी मंडळ उशिरा येणार होतं. घर जागं होतं, काकूच्या चुलीवर उसळ आणि चहाचं आधण. मी आईला बॅटरी घेऊन खुराड्याशी नेलं. तांबडी जिथे बसायची त्या बांबूखाली आईनं हात घातला, बोटं फटीवरून फिरवली आणि हात बाहेर काढला. मी उजेड पाडला. तिच्या मनगटापर्यंत काहीतरी सरकत होतं. मोहरीहूनही बारीक ठिपके, काही राखाडी, काही रक्तानं टरारून लाल झालेले. आई किंचाळली नाही. "गो बाय माझे," एवढंच म्हणाली आणि हात तसाच धरून उभी राहिली.

पलीकडचं दार उघडलं. "वयनी, काय झाला?"

किती तरी महिन्यांनी काकूनं आईला हाक मारली होती. ती जवळ आली, हात पाहिला. "उजेडात ते फटींत लपान ऱ्हवतत. रातीचेच भायर येतत." पोल्ट्रीवाले ज्यांना रेड माइट म्हणतात ते हेच. दिवसा कोंबडीला कितीही फुंकून बघा, अंगावर काही सापडत नाही. रात्री बांबूवरून चढतात, रक्त पितात आणि पुन्हा फटीत.

काकू परत गेली आणि चहाचं आधण घेऊनच आली. ते आधण होतं त्या तांब्याच्या हंड्यात. दोघींनी कोंबड्या बाहेर काढून डालग्यांखाली झाकल्या, आणि खुराड्याच्या एकेका फटीत उकळतं पाणी ओतलं. हंड्याचा एक कान आईच्या हातात, एक काकूच्या. वाफेत भांडण चालूच होतं. आई म्हणाली, हंडा मामंजींनी मला म्हणून आणला होता. काकू म्हणाली, खुराडं बांधताना बांबू मी चिरून दिले होते, तुमी माहेरी होतात. दोन्ही खरं होतं. भजनी मंडळाला चहा फार उशिरा मिळाला.

पुढचे दिवस चुना, राख, पुन्हा उकळतं पाणी. किडे गेले. आणि अश्विनात तांबडीची मानेची पिसं भसाभस गळायला लागली. आईचा धीर सुटला. भिंतीला न ऐकवता ती सरळ काकूच्या दारात गेली. काकूनं तांबडीला लांबूनच पाहिलं. "ह्या सांडणा आसा, वयनी. हात लावू नकात तिका."

तेच बरोबर होतं. दिवस लहान व्हायला लागले की कोंबडी जुनी पिसं टाकते, मानेपासून मागे मागे. पीस जवळजवळ सगळं प्रथिनांचं, म्हणून त्या काळात अंडी थांबतात. नवं पीस काडीसारख्या नळीतून येतं, त्या नळीत रक्त असतं, आणि कुणी उचललं तर तिला दुखतं. लेकीनं दिवाळीत पाहिली ती ही तांबडी. रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून तिच्यासाठी वाटीत सुकट यायची आणि वाटी परत जाताना आई ती कधी रिकामी पाठवायची नाही. मार्गशीर्षात तांबडी अशी लालभडक झाली की आईनं स्वतः जाऊन काकूच्या कोंबड्याची दोरी सोडली.

म्हणजे पाठ कोंबड्यानं, पोट किड्यांनी आणि मान तिची तिनं. लेकीला मी हे असंच सांगितलं. तिनं विचारलं, मग भिंत पाडली का? नाही पाडली. चुलीही दोनच आहेत, आणि हंड्याचा विषय निघाला की दोघी अजून तापतात.

तांबडी गेली त्या सकाळी खड्डा कुठे काढायचा यावरून वाद झाला. आई म्हणे खुराड्याजवळ, माझ्या जागेत. काकू म्हणे, किड्यांनी खाल्लं तेव्हा ती माझ्या कठड्यावर येऊन बसायची, तिला तिथेच ठेवूया. आई बराच वेळ बोलली नाही. मग तिनंच कुदळ नेऊन काकूच्या हातात दिली.